शेवटच्या दहाव्या हिश्श्याचं पाणी

उरण-पेणच्या खाडीकाठचं एखादं मिठागर फेब्रुवारीत पाहिलं तर पांढरं मीठ फार थोड्या वाफ्यांत दिसतं. बाकीची सगळी जमीन नुसती पाण्याखाली असते. मोठाले उथळ खण, त्यांच्या मधून वाकडेतिकडे बांध, आणि कुठे काही घडतंय असं वाटू नये इतकं संथ पाणी. नवख्या माणसाला ही जागा वाया गेलेली वाटते. एवढी जमीन आहे तर सगळीकडे मीठ का पिकवत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर पाण्यात विरघळलेल्या मिठातच आहे. मीठ पाण्याला सहजी उडू देत नाही, आणि जसजसं ते दाट होत जातं तसतशी ही अडवणूक वाढत जाते. मिठागराची सगळी आखणी, कुठला खण किती मोठा, पाणी कधी पुढे सोडायचं, कधी फेकून द्यायचं, हे सगळं या एका गोष्टीभोवती उभं आहे. शाळेच्या पुस्तकात तिला एक ओळ मिळते. मला ती त्याहून कितीतरी मोठी वाटते.

पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत सुटत असतात आणि हवेतले काही रेणू सतत परत पाण्यात येत असतात. सुटणारे जास्त असले की आपण म्हणतो पाणी आटतंय. जॉन डाल्टननं 1802च्या सुमारास याचा हिशेब मांडला तो आजही चालतो: पृष्ठभागाचा बाष्पदाब, म्हणजे तिथून सुटू पाहणाऱ्या वाफेचा दाब, आणि हवेतल्या ओलाव्याचा दाब यांतला फरक जितका मोठा, तितकं बाष्पीभवन वेगानं. वारा या फरकाला गुणतो. फरकच नसेल तर वारा कितीही सुटो, आटणं होत नाही. पाण्यात मीठ विरघळलं की पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंचा वाटा घटतो, शिवाय सोडियम आणि क्लोराइडचे आयन आजूबाजूच्या रेणूंना धरून ठेवतात. म्हणून बाष्पदाब उतरतो. गोड्या पाण्याचा बाष्पदाब 1 धरला तर समुद्राच्या पाण्याचा 0.98 येतो, 13 टक्के मिठाच्या पाण्याचा 0.91च्या आसपास, आणि आणखी मीठ विरघळतच नाही अशा संपृक्त पाण्याचा 0.75.

हे आकडे पाहून कुणी म्हणेल, चौथा हिस्सा कमी, एवढंच ना? इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण आपल्याला बाष्पदाब नव्हे, फरक मोजायचा आहे. समजा हवा आणि पाणी दोन्ही 30 अंश सेल्सिअसला आहेत आणि हवेची सापेक्ष आर्द्रता 60 टक्के आहे. 30 अंशांना गोड्या पाण्याचा बाष्पदाब 4.24 किलोपास्कल, हवेतल्या बाष्पाचा 2.55. फरक 1.7च्या आसपास. समुद्राच्या पाण्यासाठी तोच फरक 1.6 येतो, म्हणजे घट जेमतेम 5 टक्के. संपृक्त पाण्याचा बाष्पदाब मात्र 3.2 असतो आणि फरक उरतो 0.65. गोड्या पाण्याच्या 38 टक्के! बाष्पदाब पाव हिश्श्यानं उतरला, पण आटण्याचा वेग जवळपास दोन तृतीयांशानं घसरला. आता आर्द्रता 75 टक्के करा. गोडं पाणी अजून बऱ्यापैकी आटतंय, संपृक्त पाणी मात्र जागच्या जागी थांबलं. 80 टक्के केली तर ते उलट हवेतलं पाणी ओढून घेऊ लागतं.

हा हिशेब इथेच थांबवला तर मिठागरं चालूच शकत नाहीत असं वाटेल, कारण कोकणातल्या आर्द्रतेला 70-75 म्हणजे काहीच नाही. प्रत्यक्षात ती चालतात, याचं कारण सूर्य. वाफ्यात पडणारी उष्णता कुठेतरी जायलाच हवी. एप्रिलात कोकणकिनाऱ्यावर दर चौरस मीटरला दिवसाला 23 मेगाज्यूलच्या घरात ऊन पडतं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 2.43 मेगाज्यूल लागतात. सगळं ऊन वाफ करण्यातच खर्ची पडलं तर दिवसाला साडेनऊ मिलिमीटर पाणी आटेल. तसं कधी होत नाही. काही ऊन परावर्तित होतं, काही उष्णता हवेत आणि जमिनीत जाते. पण दाट पाणी वाफ होऊन उष्णता बाहेर टाकू शकलं नाही की ती त्याच्यातच साठते आणि पाणी तापतं. तापलं की बाष्पदाब वर चढतो. वरच्याच उदाहरणात संपृक्त पाणी 30 ऐवजी 33 अंशांवर गेलं तर त्याचा बाष्पदाब 3.8 किलोपास्कल होतो आणि फरक 1.25, म्हणजे 30 अंशांवरच्या गोड्या पाण्याच्या तुलनेत 74 टक्के. नुसत्या तीन अंशांनी वेग जवळपास दुप्पट. म्हणून मिठाच्या वाफ्यातलं पाणी शेजारच्या खणातल्या पाण्यापेक्षा हाताला गरम लागतं, आणि म्हणून उघड्यावर, उन्हात, संपृक्त पाणी गोड्या पाण्याच्या साधारण 60-70 टक्के वेगानं आटतं. सावलीत ठेवलेल्या भांड्यातला आकडा मिठागराला लावू नये आणि मिठागरातला आकडा भांड्याला लावू नये.

आता ती मोठी रिकामी जमीन. समुद्राचं पाणी मिठागराच्या भाषेत साडेतीन डिग्रीचं. ही डिग्री तापमानाची नव्हे, बोमेची, म्हणजे घनतेची. उसिग्लिओ नावाच्या रसायनज्ञानं 1849 साली भूमध्य समुद्राचं पाणी टप्प्याटप्प्यानं आटवून प्रत्येक टप्प्यावर काय खाली बसतं ते तोलून पाहिलं होतं. ते आकडे अजूनही मिठाच्या धंद्याचा पाया आहेत. 1000 लिटर पाणी घेतलं तर 7 डिग्रीला ते निम्म्याच्या जरा वर उरतं, 14 डिग्रीला पाव, आणि 25 डिग्रीला 110 लिटरच्या आसपास. मिठाचा पहिला दाणा पडतो तो यानंतर, साडेपंचवीसच्या सुमाराला, जेव्हा 1000 लिटरचे 100 लिटर झालेले असतात. म्हणजे नव्वद टक्के पाणी उडवून द्यायचं आणि तोवर हाती मीठ म्हणून काहीही नाही. त्यानंतर 100चे 35 लिटर होईपर्यंत बरंचसं मीठ पडतं, आणि मग उरलेलं पाणी काढून टाकायचं.

मिठानं आटण्याच्या वेगावर काहीच परिणाम केला नसता तर जमीन पाण्याच्या प्रमाणात वाटता आली असती: आधी 900 लिटर, नंतर 65, म्हणजे मिठाच्या एका वाफ्यामागे पाणी तापवायचे तेवढेच चौदा खण. पण पहिल्या टप्प्यात सरासरी वेग गोड्या पाण्याच्या नऊ दशांश धरला आणि दुसऱ्यात सहा दशांश, तर 900 भागिले 0.9 म्हणजे 1000, आणि 65 भागिले 0.6 म्हणजे 108. प्रमाण येतं एकास नऊच्या जवळपास. मिठाच्या वाफ्यांना दीडपट जमीन द्यावी लागते, केवळ शेवटचं पाणी हट्टानं बसून राहतं म्हणून. कागदावरच्या या हिशेबात जमिनीत मुरणारं पाणी धरलेलं नाही. चिकणमाती नीट चोपलेली नसेल तर पहिल्या मोठ्या खणांतून पाणी झिरपतं आणि त्यांना आणखी जागा लागते. पिढ्यान्पिढ्या आगरात काम केलेल्या माणसांनी हे प्रमाण भागाकार करून काढलं नव्हतं. खण भरलेले आणि मिठाचे वाफे तुडुंब, किंवा वाफे कोरडे आणि मागे पाणीच तयार नाही, असं वर्षानुवर्षं पाहून बांध सरकवत ते तिथवर पोचले. मला या गोष्टीबद्दल मनापासून आदर आहे.

हंगाम सुरू होतो तो पाऊस ओसरल्यावर. ऑक्टोबरात खाडीचं पाणी समुद्रापेक्षा बरंच गोडं असतं. ते घेतलं तर तेवढ्याच मिठासाठी जास्त पाणी उडवावं लागतं. म्हणून हे दिवस बांध दुरुस्त करण्यात, खणांतला गाळ काढण्यात आणि मिठाच्या वाफ्यांचा तळ पायांनी मळून, चोपून टणक करण्यात जातात. पाणी घ्यायचं ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरती पूर्ण चढल्यावर उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत भरती तेवढी वर येत नाही, म्हणून पुढच्या उधाणापर्यंत पुरेल इतकं पाणी पहिल्या खणात साठवावं लागतं. तिथून ते उतारानं एका खणातून दुसऱ्यात जातं. प्रत्येक खणात एकाच डिग्रीचं पाणी राहिलं पाहिजे, कारण 18 डिग्रीच्या पाण्यात 6 डिग्रीचं पाणी मिसळलं की आधी केलेली मेहनत पातळ झाली. वाकड्यातिकड्या वाटेनं पाणी फिरवणाऱ्या त्या आतल्या बांधांचं काम हेच. वाऱ्यानं सगळा खण घुसळून एक होऊ नये.

13 डिग्रीपासून जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) पडायला लागतं. ते खणाच्या तळाशी कडक थर धरतं. तो थर तिथेच पडला तर फायद्याचा, कारण गळती कमी होते. पण पाणी घाईनं 22-23 डिग्रीलाच मिठाच्या वाफ्यात सोडलं तर उरलेलं जिप्सम मिठात येतं आणि मीठ खरखरीत, भेसळीचं होतं. उलट उशीर केला तर पाणी तापवायच्या खणातच मीठ पडू लागतं, आणि ते तिथून खरवडणं म्हणजे तळ उकरणं. मधली जागा जेमतेम एक-दीड डिग्रीची.

आणि ही एक-दीड डिग्रीच मोजताना चुकते. डिग्री मोजायचा काचेचा तरंगता मापक बहुधा साडेपंधरा अंश तापमानासाठी आखलेला असतो. दुपारी वाफ्यातलं पाणी 40 अंशांवर गेलं की ते फुगतं, घनता उतरते आणि मापक एक ते सव्वा डिग्री कमी दाखवतो. खरं पाणी 25 ओलांडलेलं, मापक म्हणतो 24. मालक म्हणतो अजून थांबा. आणि खणाच्या तळाशी पांढरी साय धरायला लागते. सोपा उपाय म्हणजे सकाळी, ऊन चढायच्या आधी, रोज त्याच वेळी मोजायचं; नाहीतर नमुना उंच नळीत घेऊन सावलीत निवू द्यायचा. मापकाच्या दांड्याला मिठाचा पापुद्रा चिकटला तर तो जड होतो आणि आकडा आणखी कमी येतो. प्रत्येक वेळी गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून ठेवणं हे कुणी सांगत नाही, पण निम्मे घोटाळे तिथेच होतात.

कोकणकिनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे. मतलई वारा कोरडा, पण मंद. खारा वारा जोरदार, पण ओला. पहिल्या खणांतल्या पातळ पाण्याला खाऱ्या वाऱ्याचा उपयोगच होतो, कारण तिथला फरक मोठा आहे आणि वारा त्याला गुणतो. मिठाच्या वाफ्याला मात्र तो वारा दोन्ही बाजूंनी मारतो. हवेतला ओलावा वाढवून फरक कमी करतो आणि तापलेलं पाणी निववून उरलासुरला फरकही खातो. म्हणून मिठाच्या वाफ्याचं खरं काम मतलई वारा पडल्यापासून खारा वारा भरात येईपर्यंतच्या तासांत होतं, ऊन डोक्यावर आणि हवा अजून कोरडी असताना. जानेवारी ते मार्च मीठ छान पडतं. मे महिना त्याहून गरम असूनही मिठाच्या वाफ्यांना सुस्ती येते, कारण मान्सूनच्या आधीची हवा ओली होत जाते. नुसता पारा पाहणाऱ्याला हे कोडं वाटतं.

रात्रीचा भाग तर डोळ्यांना दिसतच नाही. रात्री वाफ्यातलं पाणी हवेच्या तापमानाला उतरतं, आणि किनाऱ्यावर पहाटेची आर्द्रता 85-90 टक्क्यांवर जाते. संपृक्त पाण्याचा तोल 75 टक्क्यांवर आहे. म्हणजे पहाटे मिठाचा वाफा हवेतलं पाणी पीत असतो. थेंबही पडलेला नसताना पहाटे वरचं पाणी किंचित पातळ झालेलं असतं आणि पृष्ठभागाजवळचे बारीक दाणे विरघळलेले असतात. सकाळचा पहिला तास-दीड तास ऊन हे रात्रीचं कर्ज फेडण्यात जातं. वाफा अगदी उथळ असेल तर तो झटकन तापतो पण झटकन निवतोही. जरा खोल असेल तर दुपारची उष्णता संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो. कोकणातल्या लहान आगरांत पाच-सात सेंटिमीटर पाणी ठेवून दर थोड्या दिवसांनी मीठ ओढतात. गुजरातेतल्या मोठ्या मिठागरांत थर जाड, पाणी खोल, आणि मीठ महिनोन्महिने साठू देतात. कच्छच्या लहान रणात अगरिया, म्हणजे तिथले मीठ पिकवणारे, विहिरीतून काढतात ते पाणी मुळातच समुद्राच्या कितीतरी पट खारं असतं, शिवाय तिथली हवा कोरडी. देशाचं तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेतून येतं त्यामागे ही कोरडी हवा आणि कमी पाऊस आहे. आपल्याकडे तेच मीठ जास्त कष्टानं निघतं.

अवकाळी पाऊस आला तर काय करायचं हे पाण्याच्या वजनातूनच ठरतं. पावसाचं पाणी हलकं, खालचं पाणी त्याच्या 1.2 पट जड. वारा नसेल तर पावसाचं पाणी काही वेळ वरच तरंगतं. त्या वेळात वाफ्याच्या तोंडाची वरची फळी किंवा मातीचा वरचा थर काढून फक्त वरचं पाणी वाहू द्यायचं. घाईनं तोंड तळापासून उघडलं तर आधी जातं ते खालचं दाट पाणी. आणि काहीच केलं नाही तर? 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला 10 लिटर, आणि प्रत्येक लिटर गोडं पाणी 360 ग्रॅम मीठ विरघळवू शकतं. चौरस मीटरमागे साडेतीन किलोहून अधिक मीठ गेलं, आणि ते परत मिळवायला तीच दहा मिलिमीटर पुन्हा उडवायची, तीही सगळ्यात मंद टप्प्यावर. जानेवारी ते मे हा मिठाचा हंगाम, आणि मीठ पिकतं तेव्हाच ते उचलता येतं. 1930चा मिठाचा सत्याग्रह दांडीला एप्रिलात आणि आपल्याकडे शिरोड्याला, वडाळ्याला त्याच उन्हाळ्यात झाला, त्यालाही मिठाच्या या वेळापत्रकाची साथ होती. जुलैत कुणाला किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलता आलं नसतं.

दाट पाण्याचा रंग हा या सगळ्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. 20 डिग्रीच्या पुढे पाणी गुलाबी, विटकरी दिसू लागतं. तिथे ड्युनालिएला नावाचं शैवाल आणि खारटपणातच वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव रंगद्रव्य तयार करतात. लोणारचं सरोवर जून 2020 मध्ये गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून त्यामागे हॅलोआर्कियाच असल्याचं सांगितलं होतं. मिठागराला या रंगाचा थेट उपयोग आहे. स्वच्छ, उथळ पाण्यातून बरंचसं ऊन तळाच्या पांढऱ्या मिठावर आपटून परत जातं. रंगीत पाणी ते स्वतःत शोषतं आणि तापतं. मीठ जो बाष्पदाब खाली ओढतं तो ही उष्णता थोडा वर उचलते. काही देशांत याच कारणासाठी दाट पाण्यात रंग मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत. मात्र सगळेच जीव मदतीचे नसतात. काही शैवालांच्या चिकट स्रावानं पाणी बुळबुळीत होतं, मीठ भुसभुशीत येतं आणि आटणंही मंदावतं. आधीच्या खणांत आर्टेमिया ही बारीक कोळंबी असेल तर ती शैवाल खाऊन पाणी निवळ ठेवते.

वारा पूर्ण पडलेल्या दुपारी मिठाच्या वाफ्याजवळ वाकून बघितलं तर पाण्यावर चौकोनी, पोकळ, उलट्या पायरीच्या पिरॅमिडसारखे दाणे तरंगताना दिसतात. पृष्ठभागावरचं पाणी आटलं, मीठ तिथेच जमलं, आणि पृष्ठताणानं ते उचलून धरलं. कडेनं कड जोडत या दाण्यांचा पापुद्रा होतो. तो दिसायला सुंदर, पण पाण्यावर झाकण बसल्यासारखा असतो. त्याच्याखालून रेणू सुटत नाहीत. म्हणून लांब दांड्याची लाकडी फळी हलक्या हातानं फिरवून तो पापुद्रा बुडवतात. जोरानं ढवळलं तर तळाची माती वर येते आणि मीठ काळपट होतं. फक्त पापुद्रा मोडायचा, तळाला हात लागू द्यायचा नाही. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड काम आहे, आणि मिठाचा भाव ठरतो तो या हाताच्या वजनावर.

एवढं वाचून घरातल्या पाण्याचं काय, असा प्रश्न येईल. पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात, दुसरं पाणी नसेल तर 2000पर्यंत. 2000 मिलिग्रॅम म्हणजे 0.2 टक्के. त्यानं बाष्पदाब हजारात एक-दीडनं उतरतो, आणि तो कुठल्याही घरात मोजता येणार नाही. बोअरचं पाणी जड म्हणून कूलर थंडावा देत नाही, हे खरं आहे, पण कारण वेगळं. पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. टाकीत रोज भर घातली आणि जुनं पाणी कधी सोडलंच नाही, तर क्षार वाढत जातात आणि गवताच्या जाळीवर पांढरे थर बसतात. मग जाळी भिजत नाही आणि हवा तिच्यातून नीट जात नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी केली तरी फरक दिसतो. माठाचंही तेच. त्याच्या बारीक छिद्रांत चुना बसतो, पाणी बाहेर झिरपत नाही, आणि दोन उन्हाळ्यांत माठ नुसता मडकं होऊन बसतो.

किती ग्रॅम विरघळलं यापेक्षा किती कण झाले हे महत्त्वाचं, हेही स्वयंपाकघरात तपासता येतं. मिठाचा प्रत्येक रेणू पाण्यात दोन आयनांत फुटतो आणि तो हलकाही आहे. साखरेचा रेणू मोठा आणि फुटत नाही. ग्रॅमला ग्रॅम धरलं तर पातळ द्रावणात मीठ साखरेच्या साधारण बारापट परिणाम करतं. तरीही डाळीच्या लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घातल्यानं उकळबिंदू वाढतो तो एका अंशाचा दहावा भाग. संपृक्त मिठाचं पाणी उकळायला मात्र 108 अंशांच्या पुढे जावं लागतं. गुऱ्हाळात काहीलीतला रस शेवटी 118 अंशांच्या आसपास पोचतो तेव्हा गूळ उतरवतात, कारण तोवर पाणी इतकं कमी उरलेलं असतं की साखर त्याला शंभराला सुटूच देत नाही.

स्वतः पाहायचं असेल तर दोन सारखी, उभ्या कडांची स्टीलची ताटं आणि एका ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा पुरे. दोन्हींत 300 ग्रॅम पाणी घ्या, एकात 108 ग्रॅम जाडं मीठ पूर्ण विरघळवा. पाकिटातल्या बारीक मिठात गुठळी होऊ नये म्हणून घातलेलं द्रव्य असतं, त्यानं पाणी गढूळ दिसतं. दोन्ही ताटं तासभर शेजारी ठेवून एका तापमानाला येऊ द्या, मग वजन घ्या, आणि दर चार तासांनी पुन्हा घ्या. प्रत्येक वेळी ताटांची जागा बदला, नाहीतर पंख्याकडचं ताट जिंकतं. पुण्यात डिसेंबरातल्या कोरड्या दुपारी मिठाच्या ताटाची घट साध्या ताटाच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश यायला हवी. मुंबईत ती निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली. जुलैत हाच प्रयोग केला तर मिठाचं ताट जड होत जाईल. एक धोका मात्र लक्षात ठेवा. मीठ ताटाच्या कडेवर चढतं. कडेला लागलेली ओल आटते, तिथे दाणे धरतात, त्या दाण्यांच्या फटींतून पाणी वर ओढलं जातं, पुन्हा आटतं, आणि दोन दिवसांत पांढरी झालर कड ओलांडून बाहेर उतरते. मग आटण्याचा पृष्ठभागही वाढला आणि थोडं पाणी ताटाबाहेरही गेलं, आकडे निकामी. कडेच्या आतल्या बाजूला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला की हे थांबतं. व्हॅसलिन पाण्यावर येऊ देऊ नका. तवंग आला तर साधं ताटही मंदावतं.

मिठागरात आता राहतं ते शेवटचं पाणी. 29-30 डिग्रीला वाफ्यात जे उरतं त्यात साधं मीठ आधीपेक्षा कमी आणि मॅग्नेशियमचे क्षार कितीतरी जास्त. चवीला कडू. मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त पाण्याचा तोल 33 टक्के आर्द्रतेवर आहे, आणि कोकणची हवा तितकी कोरडी टिकतच नाही. हे पाणी उन्हात कितीही दिवस ठेवलं तरी कोरडं होणार नाही. म्हणून ते आटवण्याच्या नादाला कुणी लागत नाही, वेळेवर सोडून देतात. लोभानं वाफा 31-32 डिग्रीपर्यंत ओढला तर मीठ थोडं जास्त मिळतं, पण ते कडवट लागतं आणि पोत्यात पाणी सोडतं. शुद्ध मिठाला हवेतली ओल 75 टक्क्यांपर्यंत शिवत नाही; दाण्याला मॅग्नेशियमचा पातळ लेप असला तर ते त्याच्या कितीतरी आधी ओलावतं. ओढलेलं मीठ म्हणूनच आधी वाफ्यातल्याच ताज्या, 25 डिग्रीच्या पाण्यात खळबळून घेतात. ते पाणी जवळपास संपृक्त असल्यामुळे मीठ फारसं विरघळत नाही, लेप मात्र निघतो. मग बांधावर लहान ढीग घालून दोन-तीन दिवस निथळू देतात, आणि नंतरच मोठ्या राशीवर नेतात. रास उतरती आणि माथा टोकदार ठेवतात. पावसाआधी ती पेंढ्यानं किंवा ताडपत्रीनं झाकतात, आणि बुंध्याशी चर खणून ठेवतात, म्हणजे रास पावसाळाभर जे कडू पाणी गाळत राहते ते तिथून खाडीकडे निघून जातं.